ॲनाटमीचा दुसरा भाग

आधी नाव सांगते, मग बाकीचं. वसुधामावशी. माझ्या आईची बहीण नव्हेत, नात्याच्या नव्हेत, आमच्या गावाकडच्याही नव्हेत. पार्सिपनीत एका चढावरच्या घरात एकट्या राहणाऱ्या, हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेल्या बाई. नववीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी आपल्या गाडीत बसवून कॉलेजच्या दारापर्यंत नेलं, आणि वर्ग सुटेपर्यंत पार्किंगमध्ये गाडीतच स्वेटर विणत बसल्या. पुढे जे झालं ते सांगताना माझ्याकडून काही कमी-जास्त होईल याची धास्ती वाटते, म्हणून नाव पहिल्यांदा. कुणी हे अर्ध्यावर ठेवून दिलं तरी एवढं नाव त्याच्यापर्यंत पोचलेलं असावं.

आत्यानं आमच्यासाठी कधीकाळी करून ठेवलेला ग्रीन कार्डचा अर्ज पिकला तोवर आई गेलेली होती. मी आणि दादा, म्हणजे माझे वडील, असे दोघंच आलो. दादांना आयसेलिनला एका हॉटेलच्या भटारखान्यात काम मिळालं आणि राहायला वरच्या मजल्यावर बाकीच्या आचाऱ्यांबरोबर एक खोली. तिथं तरण्या मुलीला कुठं ठेवणार? आत्याच्या घरी तिची दोन माणसं आणि सासरची चार. मग महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात आत्यानं कुणाकडून तरी ऐकलं की पार्सिपनीच्या एका मावशींना घरात सोबत हवी आहे, स्वयंपाकपाणी करणारी, मराठी बोलणारी. रविवारी दादा मला सोडायला आले. निघताना त्यांनी मावशींना वाकून नमस्कार केला. त्या त्यांच्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. मावशी एकदम मागे सरकल्या आणि म्हणाल्या, अहो, तुमची मुलगी आहे, गहाण ठेवताय की काय.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. भिंतीच्या कडेनं बसवलेल्या हीटरची टिकटिक, सकाळी चढावर दम खात येणारी शाळेची पिवळी बस, आणि मी फोडणी टाकली की छतावरच्या धुराच्या अलार्मची किंकाळी. अलार्म वाजला की मावशी हातातलं काम टाकून टॉवेल फडकावत यायच्या आणि त्या यंत्राला म्हणायच्या, ‘अरे बाबा, मोहरी आहे ती, घर नाही जळत.’ डिशवॉशर होता, पण त्यात भांडी कधी धुतली नाहीत. हातानं घासलेले डबे त्यात पालथे घालून वाळवायचे. दह्याच्या रिकाम्या डब्यांत डाळी भरलेल्या, त्यामुळे फ्रीजमध्ये दही शोधताना तीनदा तरी तूरडाळच हाती लागायची. मी बार्शीची. जेवणात शेंगाचटणी नसली तर जेवल्यासारखं वाटायचं नाही. मावशी पुण्याच्या, आमटीत गूळ घालणाऱ्या. पहिले काही आठवडे आम्ही दोघी एकमेकींचं जेवण तोंड न वाकडं करता गिळत होतो. मग एकदा त्यांनी माझी चटणी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि त्या दिवशी मी माझी बॅग पहिल्यांदा पूर्ण रिकामी करून कपाटात लावली.

किती शिकलीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कणीक मळत होते. नववी, म्हटलं. का सोडलंस, तर आई अंथरुणाला खिळली म्हणून. मग काय मनात आलं कोण जाणे, मी न विचारलेलंही सांगितलं. सरकारी दवाखान्यात आईच्या हाताला शीर सापडत नव्हती, सगळ्यांनी टोचून टोचून हात काळानिळा केला होता, आणि मग एक सिस्टर आली, तिनं आईच्या मनगटावर नुसतं बोट ठेवलं, डोळे मिटले आणि एका टोचण्यात शीर धरली. आई तिला म्हणाली, बाई, तुझे हात सोन्याचे. मला तसं व्हायचं होतं, म्हटलं. भूतकाळात म्हटलं. मावशी वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी चष्मा काढला.

‘मग हो की. अडलंय कुठं?’

‘नववी झालेय मी, मावशी.’

‘मी इथं आले तेव्हा बी.एस्सी. झाले होते आणि ते कुणी विचारलं नाही. चाळिशीत अमृताच्या वयाच्या पोरांबरोबर कम्युनिटी कॉलेजात बसले. इथं बसता येतं. म्हातारी झाल्यावरही बसता येतं. ती एक चांगली गोष्ट आहे या देशात.’

अमृता म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. इथंच जन्मलेली, आता देशाच्या पार पश्चिम टोकाला, सनीव्हेलला कंप्युटर चिपच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. रोज संध्याकाळी फोन करायची, इंग्रजीत विचारायची, मावशी मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं बरं चालायचं.

नर्स व्हायचं म्हणजे एका कॉलेजात नाव घातलं की झालं, अशी माझी समजूत. तसं नव्हतं. आधी शाळा पूर्ण केल्याच्या बरोबरीची परीक्षा. मग इंग्रजीची आणि गणिताची चाचणी, त्यात कमी पडलं तर खालचे वर्ग. मग इंग्रजी निबंध, मानसशास्त्र, रसायन, ॲनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, आणि एवढं सगळं चांगल्या ग्रेडनं झालं की मग कुठं नर्सिंगला अर्ज करायची परवानगी.  मावशींनी ते मला जेवणाच्या टेबलावर समजावलं, रिकामं ताट समोर ठेवून. सगळं एकदम वाढून घेतलंस तर जेवणार काय आणि टाकणार काय, म्हणाल्या. शास्त्राचा एका टर्मला एकच विषय, बाजूला तोंडी लावायला एखादा हलका. ॲनाटमीचे दोन भाग लागोपाठ घ्यायचे, मध्ये खंड पाडायचा नाही, कारण खंड पडला की माणूस परत येत नाही. त्यांच्या वर्गातल्या किती बायका अशा परत आल्या नाहीत ते त्या नावानिशी सांगत.

कॉलेजातल्या सल्लागार बाई भराभर बोलायच्या आणि मी प्रत्येक वाक्याला मान हलवायची. बाहेर आले की मावशी विचारायच्या, काय म्हणाली? मला चारातलं एक समजलेलं असायचं. पुढच्या वेळी त्या आत आल्या, पण बोलल्या नाहीत. मला एवढंच शिकवून ठेवलं होतं की उठायच्या आधी म्हणायचं, तुम्ही मला जे सांगितलंत ते मी एकदा तुम्हाला परत सांगते. मी तसं म्हटलं. सल्लागार बाई थांबल्या, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. आजही कामावर मी हेच करते. डॉक्टर वैतागतात, पण परत सांगतात.

पहिला भाग झाला. हाडं, स्नायू, नसा. मनगटाची हाडं पोळ्या लाटताना पाठ केली, मावशी समोर हात धरून बसायच्या आणि मी पिठाच्या बोटानं त्यांच्या मनगटावर एकेक दाखवायची. बी ग्रेड मिळाली तेव्हा दादांनी हॉटेलातून पेढ्यांचा डबा पाठवला, आणि मावशींनी फोनवर अमृताला सांगितलं, आमची मंगल बी मिळवून आली. आमची म्हणाल्या. मी जिन्यात उभी राहून ऐकलं.

आता मिठाचं सांगायला हवं. त्या शरद ऋतूत डॉक्टरांनी मावशींना सांगितलं होतं की हृदय थोडं थकलंय, वरून मीठ घेऊ नका. आपल्याकडे ताट वाढताना डाव्या हाताला वर चिमूटभर मीठ वाढतात, ते डॉक्टरांनी बंद केलं असं आम्ही दोघींनी धरलं, आणि अगदी कडक पाळलं. ताटातली ती जागा मी रिकामी ठेवायची. कुणी जेवायला आलं तर मावशी कौतुकानं सांगायच्या, बघा, मीठ सुटलं माझं. बाकी लोणचं होतंच, पापड होता, कुरडया होत्या, माझी शेंगाचटणी होती. संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव घालायचो, कारण उपासाला चालतं ते मीठ आजाऱ्याला कसं बाधेल? डॉक्टरांनी तपासणीत पुन्हा विचारलं, वरून मीठ घेता का, तर मावशींनी खरंखुरं उत्तर दिलं, अजिबात नाही. आयुष्यभर इतरांच्या रक्तातला सोडियम मोजलेली बाई होती ती. पण लॅब वेगळी आणि ताट वेगळं. ताटाकडे आपण लॅबच्या डोळ्यांनी बघतो कुठं?

दुसऱ्या भागाची टर्म बर्फातच सुरू झाली. पहिल्यांदा रक्त, मग हृदय. प्रयोगशाळेत मेंढीचं हृदय हातात दिलं, थंडगार आणि जड, आणि आतल्या झडपा कांद्याच्या पापुद्र्यासारख्या. त्याच आठवड्यात शिक्षिकेनं शिकवलं की हृदयाला ओढवेनासं झालं की पाणी पायांत उतरतं, तिथं अंगठा दाबला तर खड्डा पडतो आणि राहतो. आणि शरीरात पाणी कोण धरून ठेवतं, तर मीठ, मग ते बरणीतलं असो की डबीतलं. मी लिहून घेतलं. लिहिता लिहिता हात थांबला. कारण दोन आठवडे मावशी गाडी चालवायला बूट घालत नव्हत्या. बाहेर बर्फ, आणि पायात त्यांच्या गेलेल्या यजमानांच्या, काकांच्या जुन्या, मोठ्या सपाता.

त्या दिवशी परतल्यावर मी तेल कोमट केलं आणि म्हटलं, पाय चोळून देते. त्या नको नको म्हणत बसल्या. नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला आणि राहिला. आम्ही दोघी त्या खड्ड्याकडे बघत होतो. मी लोणच्याचं, सैंधवाचं सगळं सांगितलं, रडत सांगितलं, कारण ते माझ्याच हातचं होतं. मावशी हसायला लागल्या, धाप लागेपर्यंत. म्हणाल्या, कपाळ माझं, पुणेकर आणि बार्शीकर मिळून एका चिमटीचा उपास करत बसलो होतो. दुसऱ्या दिवसापासून सगळं बंद झालं. पण शरीर एवढ्यानं ऐकण्याच्या पुढे गेलेलं होतं. त्या आता आरामखुर्चीतच टेकून झोपायच्या, आडवं झालं की जीव घुसमटायचा.

मी म्हटलं, अमृताताईंना सांगू या. तिथं मात्र त्यांचा चेहरा बदलला.

‘अमृताला कळलं की ती आठवड्याच्या आत मला उचलून नेईल. हे घर जाईल. मग तुला कॉलेजात कोण नेणार? तुझा दुसरा भाग मेमध्ये संपतो. मेपर्यंत मला काही होत नाही.’

‘आणि झालं तर?’

‘मग तू नर्स होणार आहेस ना? बघ माझ्याकडे.’

त्या विनोदानं म्हणाल्या. मला हसू आलं नाही. तेव्हापासून सकाळी उठल्यावर मी आधी त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन श्वास ऐकायची, मग चहा ठेवायची. डॉक्टरांची तारीख आठवड्यावर होती, ती अलीकडे आणून घेऊ या म्हटलं तर म्हणायच्या, येऊ दे वेळेवर. पुस्तक उघडलं की प्रत्येक ओळीत त्याच दिसायच्या. एवढा अभ्यास मी आयुष्यात कधी केला नाही आणि एवढं कमी कधी डोक्यात शिरलं नाही.

हृदयाच्या प्रात्यक्षिक परीक्षेची सकाळ होती. मी पोहे करत होते. मावशी धुतलेले कपडे घेऊन तळघरातून वर येत होत्या, मी कितीदा सांगूनही. पावलांचा आवाज मध्येच थांबला. जाऊन बघते तर त्या पायरीवर बसलेल्या, मांडीत कपडे, ओठ निळसर, आणि एक वाक्य तीन श्वासांत बोलतायत. बोलत काय होत्या? तुझी परीक्षा. किल्ली आण. दोन मिनिटं बसते आणि निघू. मी ॲम्ब्युलन्स म्हटलं तर त्यांनी मानेनंच नाही म्हटलं, कठड्याला धरून उठल्या, खुंटीवरची गाडीची किल्ली स्वतःच काढली आणि मुठीत धरली. त्या मुठीतून मी किल्ली काढून घेतली. एकेक बोट उघडावं लागलं. त्यांची ताकद कितीशी उरली होती, पण त्यांनी ती सगळी त्या किल्लीवर लावली. मग मी आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि लगेच सनीव्हेलला. तिकडे अजून उजाडलेलंही नव्हतं. अमृताताई झोपेतून उठून हॅलो म्हणाल्या, आणि मी जे सांगायचं ते सांगितलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. हरलेलं माणूस जसं बघतं तसं.

अमृताताई त्याच दिवशीच्या विमानानं आल्या. डॉक्टरांशी बोलून घरी आल्या आणि कोट न काढता त्यांनी फ्रीज उघडला. मागच्या कप्प्यात लोणच्याच्या बरण्या तशाच होत्या, टाकायला आमचा दोघींचाही हात धजला नव्हता. त्यांनी कचऱ्याची काळी पिशवी घेतली आणि एकेक बरणी त्यात टाकली. ‘यू वेअर फीडिंग हर धिस?’ एवढंच म्हणाल्या, आणि मग मराठीत, लहान मुलीसारख्या मराठीत, ‘मला का नाही सांगितला कोणी?’  त्या सिंकपाशी उभ्या राहून रडत होत्या, मी दाराशी. मध्ये ती पिशवी. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात मावशींनी नाकातली नळी बाजूला करून लेकीला सांगितलं, तिला काही बोलू नकोस, माझं तोंड माझं आहे, मी खाल्लं. अमृताताईंनी माझा हात धरला आणि सॉरी म्हणाल्या. वाईट माणूस नव्हत्या त्या. आईसाठी घाबरलेली मुलगी होती, आणि घाबरलेली मुलगी म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक होतं.

मावशी म्हणाल्या होत्या तसंच झालं. हॉस्पिटलातून त्या घरी आल्या त्या फक्त बॅग भरायला. घर विकायला निघालं. निघताना त्या व्हीलचेअरमध्ये होत्या, अंगात माझ्या वर्गाच्या वेळात विणलेला स्वेटर. मला वाटत होतं काहीतरी बोलतील. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि अमृताताईंना म्हणाल्या, चल. मी आत्याच्या घरी आयसेलिनला आले, तिच्या हॉलमध्ये गादी टाकून. तिथून कॉलेज म्हणजे दोन बस आणि एक आगगाडी, आणि संध्याकाळच्या वर्गानंतर परतीची बसच नव्हती. प्रात्यक्षिक हुकलेलं होतं. शिक्षिका भली होती, पुन्हा घेते म्हणाली, पण तिच्या वर्गापर्यंत पोचायचं कसं? दादांनी हॉटेलातल्या डिलिव्हरीवाल्याला विचारून पाहिलं, आत्यानं ओळखीपाळखीत विचारलं. प्रत्येकानं एक-एक आठवडा नेलं-आणलं. मग सगळे आपापल्या कामाला लागले, आणि मी वर्गातून नाव काढून घेतलं.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी मावशींचा फोन आला. आवाज बारीक झाला होता, मागे ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर. इकडचं तिकडचं बोलून त्यांनी विचारलं, दुसऱ्या भागाचं काय झालं? मी खरं ते सांगितलं.  मग विचारलं, मावशी, मी तेव्हा फोन केला म्हणून तुम्ही रागावलात का?

‘वेडी आहेस. तू करायचं तेच केलंस. मला वाईट याचं वाटतं की तुला आणायला मी गाडी घेऊन येऊ शकत नाही.’

मग त्यांनी श्वास गोळा केला आणि विचारलं, पुढच्या टर्मला काय काय आहे, वाच. मी आत्याच्या कंप्युटरवर बघून वाचत गेले, कुठला वर्ग कुठल्या वारी, आयसेलिनहून कुठली बस. त्या मध्ये मध्ये थांबवायच्या, हा नको, उशिरा सुटतो. हा घे. शेवटी शनिवार सकाळचा एक वर्ग सापडला, त्यातच आमचं ठरलं. त्या दमल्या होत्या. ठेवते आता, म्हणाल्या. वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात अमृताताईंचा फोन आला.  आई इज गॉन, म्हणाल्या, आणि आम्ही दोघी फोनवर नुसत्या रडलो. शेवटी त्यांनी विचारलं, तुझं क्लास कधी आहे? शनिवारी, म्हटलं.

त्या शनिवारी मी बसमध्ये बसलेही. कॉलेजच्या पार्किंगशी उतरले, आणि ती गाड्यांची रांग बघून माझ्यानं पुढे पाऊल टाकवलं नाही. परत फिरले. पुढे दादांचं दुखणं निघालं, मग लग्न, मुलं, संसार. मी नर्सेसची मदतनीस झाले, नर्सिंग होममध्ये. म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालते, भरवते, कुशीवर वळवते. एखादीचा पाय सुजलेला दिसला तर नर्सला जाऊन सांगते, ती बघेल तेव्हा बघेल. नर्स मी नाही. नर्स जिला हाक मारते, ती मी आहे. कामाची लाज नाही वाटत, पण पार्किंगमधून जाताना अजूनही स्वेटर विणणारं कुणी काचेआड दिसतं का, ते बघते.

केस पिकले. मुलं आपापल्या वाटेनं गेली. मागच्या महिन्यात मी एकटीच जाऊन त्या कॉलेजच्या सल्लागारांना भेटले. आता तिथं एक तरुण मुलगा बसतो. त्यानं सांगितलं की माझा ॲनाटमीचा पहिला भाग फार जुना झाला, धरता येणार नाही, सगळं पहिल्यापासून. मी त्याला ते परत सांगून खात्री करून घेतली आणि नाव घातलं. रात्री एकेक मनात येतं. पोरं हसतील, डोक्यात शिरेल का, गुडघे जिना चढतील का. पण नाव घातलंय. मावशी, तुम्ही मला जे दिलंत ते मी अर्ध्यावर टाकून परत फिरले होते, आणि तुमच्यापर्यंत ते आता पोचवायची सोय नाही. तरी तुमचं ऋण माझ्यावर आहे हे मी विसरलेली नाही. या वयात वेळ किती मिळेल ते सांगता येत नाही, पण दुसरा भाग पुरा करून एकदा सनीव्हेलला येईन, अमृताताईंच्या दारात उभी राहीन, आणि दुसऱ्या भागाच्या ग्रेडचा कागद, तुमच्या वाट्याचा, तुमच्या लेकीच्या हाती देईन.